एका जुन्या मॅन्डोलिनची पारख

गेल्या माघ महिन्यात हैदराबादेतील काचीगुड्याहून एका ओळखीच्या घरातील काकूंनी एक जुने मॅन्डोलिन आमच्याकडे पाठविले आणि ते विकावयाचे आहे, त्याची योग्य किंमत काय ते सांगावे, असा निरोप दिला. तत्पूर्वी जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले होते. भिंतीवर टांगण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही असे म्हणून शोभेच्या वस्तूस मिळावी तेवढीच रक्कम त्याने देऊ केली होती. दुसऱ्या एका जाणकाराचा सल्ला नेमका उलट होता: वरची चीर लाखेने बुजवावी, वर झकास पॉलिश चढवावे, म्हणजे दाम तिप्पट येईल. काकूंना पैशाची निकड होती. परंतु फसवून घेतलेला पैसा घरात नको, असेही त्यांनी बजावले होते. देवळातील भजनाचे तंबोरे आणि पेट्या यांची डागडुजी आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो, एवढीच आमची पात्रता. तेवढ्या बळावर आम्ही हे काम पत्करले आणि त्याच्या निमित्ताने या वाद्याचा इतिहासही चाळून पाहिला. तो वाचकांस सांगण्याजोगा वाटला.

वाद्य त्या घरात कसे आले ते आधी सांगितले पाहिजे. काकूंचे सासरे निजामाच्या राज्यात महसूल खात्यात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसुरात गेले आणि तेलंगण आंध्रास जोडले गेले. कचेऱ्यांतील माणसांचीही वाटणी झाली, आणि मराठी बोलणारे अनेक नोकरदार बिऱ्हाडे उचलून औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे गेले. अशाच एका स्नेह्याने निघताना हे मॅन्डोलिन काकूंच्या सासऱ्यांच्या हाती दिले. त्या स्नेह्याने ते कोठून घेतले होते हे कोणास ठाऊक नाही. म्हणजे आमच्याकडे आले तेव्हा हे वाद्य निदान दोनदा तरी हात बदललेले होते, आणि त्यास वाजविणारा शेवटचा हात निवर्तूनही बरीच वर्षे लोटली होती.

प्रथम जात ओळखावी लागते. मॅन्डोलिनच्या दोन मोठ्या जाती आहेत. पहिली नेपल्स शहराची. तिची पाठ लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून कापलेल्या भोपळ्यासारखी गोल केलेली असते. अठराव्या शतकात तेथील व्हिनाचिया घराण्याने हे रूप घडविले. व्हिवाल्डीने या वाद्यासाठी रचना केल्या, मोझार्टने १७८७ साली 'दोन जोव्हान्नी' या संगीतनाटकात प्रेयसीच्या खिडकीखालच्या गाण्यास त्याची साथ दिली, आणि तरुण बेथोव्हेनने १७९६ च्या सुमारास प्राग येथील एका सरदारकन्येसाठी काही चिजा लिहिल्या. त्या काळच्या तारा नाजूक, आवाजही नाजूक. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पास्क्वाले व्हिनाचिया याने पोलादी तारा लावल्या, त्यांचा ताण सोसावा म्हणून वाद्य बळकट केले आणि लाकडी खुंट्यांच्या जागी दातेरी चाकांच्या खुंट्या बसविल्या. आज आपण जे मॅन्डोलिन पाहतो त्याचे वळण येथे ठरले.

दुसरी जात अमेरिकेतली. मिशिगन संस्थानातील कॅलमझू गावी ऑरव्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने व्हायोलिनप्रमाणे पोट आणि पाठ कोरून काढण्याची रीत मॅन्डोलिनास लावली व १८९८ साली तिचे पेटंट घेतले. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये निघाली. सपाट वा किंचित फुगीर पाठीची मॅन्डोलिने जगभर पसरली ती तेथून पुढे. आपल्याकडे कलकत्त्याच्या कारखान्यांनी गिटारांबरोबर जी मॅन्डोलिने बनविली तीही बहुतेक याच दुसऱ्या जातीची, फक्त कोरण्याचा खर्च टाळून सपाट फळीची.

काकूंचे वाद्य असेच सपाट पाठीचे होते. छिद्रातून आत पाहिले असता चिकटवलेल्या कागदाचा अर्धा तुकडा दिसला व त्यावर 'कलकत्ता' एवढीच अक्षरे वाचता आली. नावावरून किंमत ठरविण्याची सोय त्यामुळे उरली नाही, आणि ते एका परीने बरेच झाले. आतल्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून व्हायोलिनच्या बाजारात किती जण बुडाले आहेत हे सर्वश्रुत आहे.

इटलीच्या जुन्या वाद्यांवर नखीच्या घासेपासून लाकूड वाचविण्यासाठी कासवाच्या कवचाची पट्टी जडविलेली असते. असे वाद्य कोणाच्या घरी निघाल्यास विक्रीस काढण्यापूर्वी थांबावे. ते कवच ज्या कासवाचे, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. काकूंच्या वाद्यावरची पट्टी साध्या प्लास्टिकची होती. तो प्रश्न तेथेच मिटला.

आता देहपरीक्षा. तबलीवर, म्हणजे पोटाच्या फळीवर, घोडीच्या उजव्या अंगास लाकडाच्या रेषांना धरून सुमारे ५ सेंटिमीटर लांबीची चीर होती. ती आघाताची नव्हती, सुकव्याची होती. कलकत्ता किंवा कोकणपट्टी यांची हवा बारमाही ओलसर. तेथे चिकटवलेले लाकूड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच असलेल्या या पठारावर आले, आणि वैशाखात पारा ४० अंशांच्या वर गेला, म्हणजे फळी आकसते. कडा सरसाने घट्ट धरलेल्या असतात. आकसायला वाव मिळत नाही तेव्हा ती मधोमध फाटते. गोव्याहून, कारवाराहून वा मंगळुराहून तंतुवाद्ये घेऊन हैदराबादेस येणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. उन्हाळ्यात वाद्य पेटीत ठेवून शेजारी ओलसर फडके ठेवलेला सच्छिद्र डबा असू द्यावा, एवढ्यानेही पुष्कळ निभावते.

बोटाने तबलीवर टिचक्या मारीत गेलो तो एका जागी घरघर ऐकू आली. आतली एक आधारपट्टी एका टोकाशी सुटली होती. हा दोष चिरेपेक्षा गंभीर; तो डोळ्यांस दिसत नाही आणि पॉलिशने लपतही नाही, फक्त वाजविल्यावर बोलतो. पोट घोडीखाली खचले आहे काय हे फूटपट्टी आडवी धरून पाहिले. खचलेले नव्हते. मॅन्डोलिनाच्या आठ पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या घरात जातो, म्हणजे एक प्रौढ मनुष्य त्या दांडीस अहोरात्र लोंबकळत असल्यासारखे आहे. इतक्या वर्षांच्या ताणाने बहुतेक स्वस्त वाद्यांची दांडी पुढे वाकते. अमेरिकन वाद्यांत १९२० नंतरच्या काळात दांडीच्या पोटात लोखंडी सळई बसविण्याची युक्ती निघाली आणि ती पिळून बाक काढता येऊ लागला. आमच्या वाद्यात सळई नव्हती. एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली आणि तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून मधले अंतर पाहिले. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट. हे सुदैव! दांडी वाकलेली असती तर पडदे काढून पट्टी रंधून पुन्हा पडदे बसवावे लागले असते आणि तो खर्च वाद्याच्या किमतीच्या पुढे गेला असता. पहिल्या तीन पडद्यांवर तारांनी खाचा पाडल्या होत्या, पण त्या कानशीने घासून निघण्याजोग्या होत्या. खुंट्यांच्या दोन चाकांचे दाते झिजले होते.

मग आम्ही ते जुळवून वाजविले, आणि व्यापारी असे का म्हणाला ते उमगले. खालच्या पडद्यांवर स्वर बरे, परंतु वर चढत जावे तसतसे वाद्य अधिकाधिक बेसूर! काकूंच्या घरीही हीच समजूत होती की मामंजींच्या पश्चात वाद्य 'बिघडले'. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी झाली पाहिजे, म्हणजे तेथे तार सप्तकातील तोच स्वर मिळतो. आम्ही मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजले; ते १७५ मिलिमीटर भरले. तेव्हा घोडी मेरूपासून ३५० मिलिमीटरवर, आणि तार दाबताना जो ताण वाढतो त्याची भरपाई म्हणून आणखी दोन-तीन मिलिमीटर पलीकडे हवी. प्रत्यक्षात ती ३४४ वर उभी होती.

मॅन्डोलिनाची घोडी चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी राहते, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांनी कधी तरी सगळ्या तारा एकदम काढल्या असाव्यात आणि पुन्हा लावताना घोडी अंदाजाने ठेवली असावी. तेवढ्या चुकीने बाराव्या पडद्यावरचा स्वर एका श्रुतीहून अधिक चढला. पुष्कळ वर्षे एक निर्दोष दांडीचे वाद्य बेसूर म्हणून कपाटात पडून राहिले, त्याचे कारण अर्ध्या बोटाचे अंतर! जुनी वाद्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी ही एक कसोटी शिकून घेतली तरी पुष्कळ आहे. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर, दोन्ही एक आले पाहिजेत.

दुरुस्ती आम्ही एका सुताराच्या मदतीने केली. सुटलेली पट्टी आणि चीर यांस गरम सरस दिला, आतून चिरेवर लाकडाच्या पातळ चकत्या बसविल्या. आधुनिक चिकट पदार्थ मुद्दाम टाळले. सरस उष्णतेने सुटतो, तेव्हा पुढच्या कारागिरास पुन्हा उघडण्याची वाट राहते. घोडीचा तळ तबलीवर सर्वत्र टेकावा म्हणून तबलीवर पॉलिश-कागद उपडा ठेवून त्यावर घोडी घासली. बाराव्या पडद्यावर तारांची उंची ३ मिलिमीटरच्या वर होती, ती २ च्या आत आणली. झिजलेली दोन चाके बदलली. तारा एकेक करून बदलल्या. पॉलिश मात्र केले नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसली एवढेच.

येथे एक प्रश्न उभा राहिला, आणि इतिहास खरा कामास आला तो येथे. वाद्य कोणत्या संगीतासाठी सज्ज करावयाचे? मॅन्डोलिनाची मूळ जुळणी व्हायोलिनची, चार जोड्या पंचमापंचमाच्या अंतराने. गोव्यात हे वाद्य पोर्तुगीज नावाने बांदोलिम म्हणून ओळखले जाते आणि व्हायोलिन-गिटारांच्या सोबतीने त्याच जुळणीत वाजते. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतही तीच चाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हे पोरवयात मॅन्डोलिन-वादक म्हणूनच या क्षेत्रात शिरले. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या चित्रपटातील गाण्याच्या आरंभीच्या सुरावटीने तर पुढच्या पिढीच्या कानांत मॅन्डोलिनाची ओळख पक्की केली.

परंतु त्या वाद्यास आपल्या रागसंगीतात बसविण्याचे श्रेय दोघांना द्यावे लागते. पहिले संगीतकार सज्जाद हुसेन. १९१७ साली सीतामऊस जन्मलेल्या या मानी कलावंताने 'संगदिल' (१९५२) आणि 'रुस्तम सोहराब' (१९६३) यांसारख्या मोजक्या चित्रपटांस संगीत दिले, आणि जोडतारांच्या साध्या मॅन्डोलिनावर मींड आणि गमक काढून दाखविली. १९७५ च्या 'मुत्याल मुग्गु' या बापू-दिग्दर्शित तेलुगू चित्रपटात पार्श्वसंगीतातून ऐकू येणारे मॅन्डोलिन त्यांचेच. तेलुगू घरांत ते सूर आजही ओळखले जातात.

दुसरे उप्पलपु श्रीनिवास. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील पालकोल्लू येथे २८ फेब्रुवारी १९६९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सत्यनारायण क्लॅरिनेट वाजवीत. घरातले मॅन्डोलिन मुलाने हाती घेतले. गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांस मॅन्डोलिन येत नव्हते. ते गाऊन दाखवीत आणि मुलगा ते तारेवर उतरवी. १९७८ मध्ये गुडिवाडा येथील त्यागराज उत्सवात त्याची पहिली बैठक झाली, १९८३ मध्ये तो बर्लिनच्या जॅझ महोत्सवात वाजला, १९९८ मध्ये त्यास पद्मश्री मिळाली. १९ सप्टेंबर २०१४ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, चेन्नईत त्याचे निधन झाले. श्रीनिवासने वाद्यच बदलून घेतले. जोडतारा काढून एकेरी तारा ठेवल्या, खर्जासाठी पाचवी तार वाढविली, पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाचे विजेवर बोलणारे मॅन्डोलिन वापरले. एकेरी तार बोटाने खेचता येते, म्हणून गमक निघते. पोकळी नसली तरी विजेमुळे आवाज टिकतो.

आपल्या मंडळींस यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांनी इंग्रजांकडून व्हायोलिन शिकून घेतले आणि ते कर्नाटक संगीताचे झाले. परदेशी पेटीवाचून आपले भजन आज होत नाही, आणि तीच पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीला वर्ज्य होती! पेटीवर आक्षेप होता तो ठरीव स्वरांचा. मॅन्डोलिनास पडदे असले तरी तार खेचता येते, तेव्हा तो आक्षेप त्यास निम्माच लागू पडतो.

विक्रीची वार्ता तोंडोतोंडी गेली आणि वरंगळचा एक विद्यार्थी पाहावयास आला. देवळात अभंगांस साथ करावी अशी त्याची इच्छा. त्याने पहिलीच मागणी केली ती अशी: "आठांतील चार तारा काढून द्या, श्रीनिवासांप्रमाणे." आम्ही नकार दिला आणि कारण सांगितले. श्रीनिवासांच्या वाद्यास विजेचा आधार होता. या पोकळ पेटीचा आवाज जोडतारांवरच उभा आहे, चार काढल्या तर मृदंगापुढे काहीच ऐकू येणार नाही. पाहिजे तर जुळणी बदलावी. वरच्या दोन जोड्या प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरविल्या की चारही जोड्या षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा होतात. ताण कमी होतो, वाढत नाही, तेव्हा दुरुस्त केलेल्या चिरेसही धोका नाही. जोडीतील दोन तारा मात्र काटेकोर एकस्वरी हव्यात. एक ४४० कंपनांची आणि दुसरी ४४२ ची झाली तर दर सेकंदास दोन हेलकावे कानास जाणवतात, आणि भजनात ते फार खटकतात. त्याने तेथेच बसून जुळवून पाहिले आणि 'माझे माहेर पंढरी'ची चाल काढली. काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

दामाचा प्रश्न राहिला. दुरुस्त चिरेमुळे किंमत कमी होते हे खरे. पण ती किती कमी व्हावी याचा एक दाखला आम्ही काकूंना सांगितला होता. अमेरिकेचे लोकसंगीतकार बिल मन्रो यांनी १९४० नंतरच्या दशकात फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानातून १५० डॉलरला गिब्सनचे १९२३ सालचे एक जुने मॅन्डोलिन घेतले आणि जन्मभर तेच वाजविले. १९८५ मध्ये कोणी तरी घरात शिरून शेगडीच्या लोखंडी सळईने त्याचा चुरा केला. कारखान्याच्या कारागिरांनी तुकडा तुकडा जोडून ते पुन्हा उभे केले, आणि मन्रो तेच वाजवीत राहिले. आपले कलकत्त्याचे वाद्य काही त्या तोलाचे नव्हे, हे आम्ही काकूंना स्पष्ट सांगितले; पण जोडलेले लाकूड बोलते, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच.

अखेर दुसऱ्या जाणकाराने सांगितलेल्या तिपटीपेक्षा बरीच कमी आणि व्यापाऱ्याच्या बोलीपेक्षा दुपटीने अधिक अशी किंमत ठरली. आम्ही एका कागदावर दोष लिहून दिले: तबलीवरची चीर कोठे आणि किती, आतली कोणती पट्टी पुन्हा चिकटवली, कोणती चाके नवी, दांडीत सळई नाही. काढलेली जुनी चाके आणि जुन्या तारांचे वेटोळे पिशवीत घालून दिले. विद्यार्थ्याने कागद दोनदा वाचला, पैसे मोजले आणि काकूंच्या पाया पडला.

मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्यावर तो वाद्य घेऊन पुन्हा आमच्याकडे आला. चीर वाढली नव्हती. लाकूड ओल पिऊन किंचित फुगले होते, त्यामुळे तारा उंच झाल्या होत्या आणि घोडी केसभर सरकली होती. आम्ही ती मोजून जागेवर बसविली आणि या खेपेस तिच्या दोन्ही पायांशी पेन्सिलीने बारीक खुणा करून दिल्या.